निवृत्तीनंतर कुठे राहायचं, हे सगळ्यात शेवटी ठरवा

साताऱ्याच्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा. ते जिल्हा परिषदेत कार्यालय अधीक्षक आहेत आणि ५८ वर्षं पूर्ण होत असल्याने येत्या काही महिन्यांत निवृत्त होतील. पेन्शन आहे, साताऱ्यात स्वतःचं घर आहे, दोन्ही मुलांची लग्नं झाली आहेत. मुलगा बंगळूरला असतो, नातू लहान आहे, 'आता आमच्याकडेच या' म्हणतो. त्यांच्या स्वतःच्या मनात मात्र पाटण तालुक्यातल्या गावी जाऊन वडिलोपार्जित घर नीट करून राहायचं आहे. पत्नीला सातारा सोडायचा नाही. "पैशाचं नियोजन झालंय, पण उरलेलं आयुष्य समाधानात जावं म्हणून नेमकं काय निवडावं तेच कळत नाही," असं त्यांनी लिहिलंय.

नमस्कार. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या लोकांशी बोलणं हेच माझं समुपदेशनातलं मुख्य काम आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. बंगळूर, गाव की सातारा हा तुमचा प्रश्न आज सोडवायचा नाहीच. तो वर्षभर बाजूला ठेवा. त्याआधी एकच गोष्ट ठरवायची आहे: आठवड्यात अशा कोणत्या तीन-चार वेळा असतील, जेव्हा तुम्ही गेला नाहीत तर कुणाला तरी तुमची उणीव भासेल? निवृत्त माणसाचं समाधान माझ्या पाहण्यात याच्यावर जितकं अवलंबून असतं, तितकं गावावर, घरावर, अगदी छंदांवरही नसतं.

कारण ऑफिस सुटतं तेव्हा नेमकं काय सुटतं ते बघा. पगार निम्म्यावर येतो, त्याची तयारी तुम्ही केलीय. पण आज तुमच्या टेबलाशी दिवसभरात किती लोक येऊन "साहेब, जरा ही टिपणी बघता का" म्हणतात? कुणाची सेवापुस्तकातली नोंद राहिलेली असते, कुणाचा प्रस्ताव त्रुटी काढून परत आलेला असतो, कुणाला लेखा आक्षेपाचं उत्तर लिहून हवं असतं. यातला प्रत्येक प्रसंग तुम्हाला सांगत असतो की तुमची इथे गरज आहे. महिनाअखेरीला शाल-श्रीफळ होतं, भाषणं होतात, आणि दुसऱ्या दिवसापासून हे सगळे प्रसंग एकदम थांबतात. सुरुवातीला ते सुखाचं वाटतं. लवकर उठायचं नाही, डबा नाही, मीटिंग नाही. देवदर्शन होतं, राहिलेल्या नातेवाइकांकडे जाणं होतं, घराला रंग दिला जातो. रॉबर्ट अ‍ॅचली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात निवृत्तीचे जे टप्पे मांडले, त्यात या काळाला त्याने मधुचंद्राचा काळ म्हटलंय. त्यानंतर येतो तो भ्रमनिरासाचा, आणि मग नव्याने घडी बसवण्याचा. प्रत्येकाला हे टप्पे याच क्रमाने जावे लागतात असं नाही. पण पहिल्या टप्प्यातला आनंद हाच कायमचा आनंद आहे असं धरून मोठे निर्णय घेतले जातात आणि ते दुसऱ्या टप्प्यात जड जातात, हे मी खूप पाहिलंय. गावचं घर बांधायला काढणं हा त्यातला सगळ्यात नेहमीचा निर्णय.

आता 'निवड' या गोष्टीबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. १९७६ साली एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात एका वृद्धाश्रमाच्या दोन मजल्यांवर एक साधा प्रयोग केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, खोलीतलं सामान कसं लावायचं, वेळ कसा घालवायचा ते तुम्ही ठरवायचं. हे रोप हवं असेल तर घ्या, आवडेल ते निवडा, पण त्याला पाणी तुम्हीच घालायचं. आठवड्यात दोन दिवस सिनेमा दाखवतात, कुठल्या दिवशी बघायचा की बघायचाच नाही, तेही तुम्ही ठरवा. दुसऱ्या मजल्यावरही रोप मिळालं आणि सिनेमाही मिळाला, पण पाणी नर्स घालणार होती आणि सिनेमाचा वार कर्मचारी सांगणार होते. थोड्याच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त उत्साही, जास्त बोलती, जास्त हालचाल करणारी दिसू लागली, आणि दीड वर्षाने पाहिलं तेव्हाही फरक टिकून होता. मृत्यूच्या प्रमाणातला फरकही पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो, पण प्रयोगातली माणसं इतकी थोडी होती की त्या आकड्यावर मी जोर देत नाही. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की निवडी अगदी क्षुल्लक होत्या. एक रोप, एक सिनेमा. आयुष्याची दिशा वगैरे कुणी बदलली नव्हती.

याच्या जोडीला दुसरा प्रयोग लक्षात ठेवा, तो कमी सांगितला जातो. रिचर्ड शुल्झ यांनी त्याच सुमारास वृद्धांच्या एका निवासात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना भेटीला पाठवलं. ज्यांना भेट केव्हा आणि किती वेळ हे ठरवता येत होतं, किंवा निदान ती केव्हा होणार हे आधी कळत होतं, त्यांची उमेद आणि तब्येत सुधारली. मग प्रयोग संपला आणि विद्यार्थी यायचे थांबले. नंतरच्या पाहणीत याच लोकांची घसरण झालेली दिसली. म्हणजे माणसाला आधार होईल असं काही उभं करायचं तर ते टिकणारं हवं. चार महिन्यांचा कोर्स, एक सहल, एक शिबिर यांनी आनंद मिळतो, तो जरूर घ्या, पण त्यावर आठवडा उभा करू नका.

तुमच्यासारख्याच एका निवृत्त तलाठ्यांचं उदाहरण देते, ओळख पटणार नाही अशा बेताने. निवृत्तीनंतर वर्षभर त्यांनी टीव्ही आणि मोबाइल यांत घालवलं होतं, चिडचिड वाढली होती, म्हणून मुलगी त्यांना घेऊन आली. आमच्या बोलण्यातून जे ठरलं ते फार छोटं होतं. गावचा बाजार मंगळवारी असतो. त्या दिवशी सकाळी १० ते १२ ते देवळाच्या ओसरीवर बसायला लागले. जवळ एक पॅड, कोरे कागद, स्टेपलर आणि चष्मा. बाजाराला आलेल्या माणसांचे अर्ज बघून द्यायचे. संजय गांधी निराधार योजनेचा, श्रावणबाळ योजनेचा, सातबाऱ्यावर वारसनोंदीचा, उत्पन्नाच्या दाखल्याचा. एक विधवा बाई दोनदा तहसील कार्यालयात जाऊन परत आली होती, अर्ज का नाकारला ते तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं. यांनी कागद उलटसुलट करून पाहिले आणि दोन मिनिटांत सांगितलं: रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, आधी हे दुरुस्त करून घ्या, मग अर्ज टाका. तिचं काम झालं. पुढच्या मंगळवारी तिने शेजारणीला आणलं. नंतर एकदा ते तापाने गेले नाहीत तर दुपारपर्यंत तीन फोन आले. त्या फोनचं त्यांनी मला ज्या चेहऱ्याने सांगितलं, तसा चेहरा त्यांच्या मुलीने कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

त्यांच्या व्यवस्थेतल्या तीन गोष्टी तुम्ही जशाच्या तशा उचला. वार आणि वेळ पक्की होती, बारा वाजले की ते उठत. पैसे घेत नव्हते, चहासुद्धा स्वतःच्या पैशाने, कारण एकदा पैसे आले की माणूस एजंट होतो आणि नातं बदलतं. आणि काम त्यांच्या आयुष्यभराच्या कसबातलं होतं. निवृत्तीनंतर काहीतरी नवीन शिकलंच पाहिजे, असा एक दबाव आजकाल असतो. बासरी शिकावीशी वाटत असेल तर अवश्य शिका. पण अर्ज कुठे अडेल हे अर्ज दाखल होण्याआधीच ओळखणारी तुमची नजर पस्तीसेक वर्षांत तयार झालीय, आणि ती कुठल्याही क्लासमध्ये मिळत नाही. साताऱ्यासारख्या शहरात तिची गरज असलेली माणसं तुम्हाला रोज भेटतील. वस्तीतलं एखादं ज्येष्ठ नागरिक संघाचं कार्यालय किंवा वाचनालयाचा एक कोपरा एवढी जागा पुरते.

एका ठिकाणी जपा. निवृत्त अधिकाऱ्याला सोसायटीचा सेक्रेटरी किंवा एखाद्या मंडळाचा अध्यक्ष करायला लोक टपलेले असतात. पद रिकामं असतं आणि तुमचा हात सहीला सवयीचा असतो. पहिल्या वर्षी असं कोणतंही पद घेऊ नका. खुर्चीची जागा खुर्चीने भरली की माणूस पुन्हा तंट्यात आणि मानापमानात अडकतो, आणि आपल्याला खरं काय हवंय हे पाहायची संधीच निघून जाते.

उरलेल्या वेळांमध्ये एक शरीरासाठी हवी आणि एक निव्वळ मैत्रीसाठी. अजिंक्यताऱ्यावर पहाटे चालायला जाणाऱ्यांचे गट तुम्हाला माहीतच आहेत. एकट्याने जाऊ नका, गटात जा. पावसाळ्यातल्या एखाद्या कंटाळवाण्या सकाळी तुम्हाला घराबाहेर काढायला निश्चय पुरणार नाही, पण कोपऱ्यावर उभा असलेला मित्र पुरेल. सवय २१ दिवसांत लागते असं म्हणतात, त्यावर विश्वास ठेवून २२व्या दिवशी निराश होऊ नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास केला, तो २०१० साली छापून आला. सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ साधारणपणे ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसांत १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं.

मैत्रीच्या वेळेबद्दल पुरुष माणसं मला नेहमी सांगतात की मित्र खूप आहेत. नीट विचारलं की कळतं, ते सहकारी आहेत, आणि भेटीचं निमित्त ऑफिस होतं. निमित्त संपलं की भेटी संपतात, त्यात कुणाचा दोष नसतो. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली २६८ विद्यार्थ्यांपासून सुरू झालेला आणि पुढे बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या ४५६ मुलांच्या अभ्यासाशी जोडला गेलेला जो दीर्घ अभ्यास आहे, त्याचे प्रमुख रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात की ८०व्या वर्षी कोण धडधाकट असेल याचा अंदाज ५०व्या वर्षीच्या कोलेस्टेरॉलवरून लागला नाही, तर त्या वयात आपल्या नात्यांत माणूस किती समाधानी होता यावरून लागला. ही सगळी मूळ मंडळी अमेरिकी गोरे पुरुष होती, आपल्या एकत्र कुटुंबांना ते जसंच्या तसं लागू करू नये. पण माझ्या कामात जे दिसतं त्याच्याशी ते जुळतं. तुम्ही फक्त दोन नावं काढा, ज्यांच्याशी तुम्ही ऑफिसबाहेरचं, घरातलं, मनातलं बोलला आहात. त्यांच्याशी आठवड्याचा एक वार ठरवा. बाकीच्यांचे व्हॉट्सअ‍ॅप गट असू देत.

आता वहिनींबद्दल, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल एकच वाक्य आहे. "पत्नीला सातारा सोडायचा नाही." का सोडायचा नाही? त्यांचा आठवडा आधीच भरलेला आहे म्हणून. भजनी मंडळ असेल, भिशी असेल, शेजारच्या दोघी-तिघी असतील, दुपारची झोप आणि त्यानंतरचा स्वतःचा तासभर असेल. तुम्ही सकाळी साडेनऊला घराबाहेर पडता तेव्हापासून संध्याकाळपर्यंतचं घर गेली तीस वर्षं त्यांचं आहे. आता तुम्ही त्या घरात दिवसभर असणार. सकाळी अकराला दुसरा चहा मागणार, भाजी अशी का चिरली विचारणार, फोनवर कुणाशी एवढं बोलत होतीस म्हणणार. वाईट हेतूने कुणीच करत नाही हे. पण निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांमध्ये निम्मी भांडणं अशाच गोष्टींवरून असतात. शिवाय त्या स्वतः कधीच निवृत्त होणार नाहीत, दोन वेळचा स्वयंपाक काही सुटत नाही, ही बोच बऱ्याच बायका बोलून दाखवत नाहीत.

म्हणून दोघांनी एका रविवारी बसा. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर आपापला आठवडा लिहा, एकमेकांना न विचारता: मला कोणत्या वेळा माझ्या एकट्याच्या हव्यात, कोणत्या दोघांच्या. मग कागद शेजारी ठेवा. तुमच्या कागदावर 'दोघांनी एकत्र' असं सात ठिकाणी निघेल आणि त्यांच्या कागदावर दोन ठिकाणी, असं झालं तर वाईट वाटून घेऊ नका, दोनच धरा आणि ती दोन मनापासून करा. आणि घरातलं एक काम पूर्ण तुमच्याकडे घ्या. पूर्ण म्हणजे त्याचा विचारसुद्धा. 'काय आणू सांग' म्हणून पिशवी घेऊन उभं राहणं म्हणजे किराणा तुमच्याकडे असणं नव्हे. डाळ संपत आलीय हे तुम्हाला कळलं पाहिजे, पाहुणे येणार म्हणून साखर जास्त लागेल हे तुम्हाला सुचलं पाहिजे. संध्याकाळचा स्वयंपाक आठवड्यातून दोनदा घेतलात तर फारच उत्तम. साठीच्या घरात पोळ्या शिकलेले पुरुष मी पाहिलेत आणि त्यांच्या घरातली हवा बदललेलीही पाहिलीय.

मुलाच्या आमंत्रणाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं देऊ नका, तारखांमध्ये द्या. दिवाळीनंतर सहा आठवडे, उन्हाळ्यात चार आठवडे, आणि परतीचं तिकीट काढूनच जा. नातवाचा लळा ही या वयातली फार मोठी श्रीमंती आहे आणि ती तुम्ही मनमुराद घ्यावी. पण तिथल्या फ्लॅटमध्ये मुलगा-सून सकाळी बाहेर पडल्यावर, कानडी येत नसताना, खाली कट्ट्यावर ओळखीचं कुणी नसताना, दिवसाचे दहा तास बाळाच्या वेळापत्रकावर काढणं ही नोकरीच असते, आणि तिला रजा नसते. हे सुनेलाही आधीच मोकळेपणाने सांगा. तिच्या नियोजनाला ठरलेल्या तारखा बेभरवशाच्या 'बघू' पेक्षा सोयीच्या असतात. बंगळूरात मराठी मंडळी पुष्कळ आहेत, तिथल्या मुक्कामातही एक वार त्यांच्यासाठी ठेवा.

गावाबद्दल मात्र तुम्हाला थांबवायचं आहे, निदान एक पावसाळा. तुमच्या मनातलं गाव बहुधा चैत्रातल्या यात्रेचं आणि गणपतीतलं आहे. त्या दिवसांत मुंबईला माथाडीत, दुकानांत, गोदीत गेलेली सगळी घरं उघडतात, आळी गजबजते. तुम्ही आषाढात जाऊन राहा. पाटणच्या डोंगराकडच्या गावांत पाऊस कसा लागतो हे तुम्ही जाणताच, पण लहानपणी तो पाऊस बघणं वेगळं आणि साठाव्या वर्षी त्यात रक्तदाबाच्या गोळ्या आणायला जाणं वेगळं. वीज जाते, कौलं गळतात, शेवटची एसटी चुकली की मुक्काम. भातलावणीत गुंतलेल्या माणसांना तुमच्याशी गप्पा मारायला वेळ नसतो, आणि निम्म्या घरांना कुलूप असतं. सलग सहा आठवडे घर फक्त राहण्यापुरतं शाकारून घेऊन तिथे राहा. तिथेही तोच निकष लावा: इथे माझी वाट कोण पाहतंय? शाळेतल्या मास्तरांना, ग्रामपंचायतीला, एखाद्या म्हाताऱ्या चुलतीला तुमचा उपयोग झाला, तुम्हालाही तिथून निघताना जड वाटलं, तर पुढच्या वर्षी घराचा विचार करा. तोवर अंशराशीकरणाची (पेन्शनचा काही भाग एकदम घेतल्याची) आणि ग्रॅच्युइटीची रक्कम बांधकामात घालू नका. भिंतीत गेलेला पैसा परत काढता येत नाही, आणि घर बांधलंय म्हणून राहायलाच हवं, या ओझ्याखाली राहणारी जोडपी मला ठाऊक आहेत.

तब्येतीचं एवढंच: निवृत्तीच्या आधी रक्ततपासणीत थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वही करून घ्या, बी-१२ विशेषतः शाकाहारी असाल तर. थकवा, विसराळूपणा, उदासी यांमागे कधीकधी निव्वळ ही कमतरता असते. कानही तपासा. ऐकू कमी यायला लागलं की माणूस चारचौघांत जायचं टाळतो आणि घरचे म्हणतात, हल्ली एकलकोंडे झालेत. आणि सलग दोन आठवडे पहाटे लवकर जाग येऊन मन खिन्न असेल, जेवण जात नसेल, नातवाचा फोनही नकोसा वाटत असेल, तर ते निवृत्तीमुळे होणारच असं समजून घरात बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

हाताशी अजून काही महिने आहेत, ते वाया घालवू नका. ऑफिसात ज्या दोघा-तिघांना तुमच्यानंतर हे टेबल सांभाळायचंय, त्यांना शेजारी बसवून शिकवायला आत्ताच घ्या. निवृत्तीनंतर अडलं की ते आपणहून फोन करतील, आणि ते नातं हुद्द्याचं नसेल. आठवड्याची एक ठरलेली वेळ नोकरीत असतानाच सुरू करा, शनिवारची सुट्टी असतेच. अर्ज बघून द्यायचं काम हाती घ्यायचं ठरवलंत तर पहिल्या दोन-तीन शनिवारी कुणीच येणार नाही, तरी बारा वाजेपर्यंत बसा. आणि रविवारचे ते दोन कागद या महिन्यातच लिहा. वहिनींच्या कागदावर काय निघालं, ते त्यांची हरकत नसेल तर मला जरूर कळवा, पुढचं बोलणं तिथूनच सुरू करू.